फोटोच्या पोटातली तारीख

चिमूर-वरोरा रोडवरचं हे गाव. स्टॅन्डजवळ समोर झेरॉक्स, मागे फोटो स्टुडिओ, मधे एक पडदा. आतल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं आहे आणि फोटोचं सगळं काम गिम्प नावाच्या फोटो सुधारायच्या प्रोग्रामवर चालते. फुकट आहे म्हणूनच घेतलं, हे स्टुडिओवाले भाऊ स्वतःच सांगतात.

गारपीट झाली, हरभरा झोपला, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. काकाजींनी कळवलं, पण फोटो दाखवला तर समोरचा म्हणे यात तारीखच नाही. काकाजी तसेच इथं आले, "टाकून दे ना बाप्पा तारीख, तुले येते ना."

तारीख टाकता येते, हे खरंच आहे. एक्झिफटूल नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, त्यात एक ओळ टाइप केली की अख्ख्या फोल्डरची तारीख सरकते. लग्नाच्या सिझनमध्ये कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं की भाऊ हेच करतात. पण इथं ते म्हणाले, "नाही जी काकाजी, ओरिजनल आणा."

फोटो पुतण्यानं काढला होता आणि व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला होता, तिथंच फाइलच्या आतली माहिती, म्हणजे मेटाडेटा, गळून गेली. तोच त्यानं डॉक्युमेंट म्हणून परत पाठवला आणि गिम्पमध्ये इमेज, मेटाडेटा, व्ह्यू मेटाडेटा असं उघडल्यावर हे बघा, एक्झिफच्या टॅबमध्ये सगळं आहे. मोबाईल कोणता, वेळ १६:४२:१०, खाली अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंदात. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये ही माहिती लिहायची पद्धत, ती १९९५ साली जपानमध्ये ठरली, तारीख लिहायची ढब अजून तीच, आकड्यांच्या मधे कोलन.

आता खरी गंमत पुढं आहे. आभाळ होतं म्हणून फोटो काळा आला होता, भाऊंनी तो जरा उजळ करून एक्सपोर्ट केला. काढल्याची मूळ तारीख तशीच राहिली, पण शेजारच्या बदलाच्या तारखेच्या रकान्यात आजचा दिवस चढला आणि सॉफ्टवेअरच्या रकान्यात गिम्पचं नाव. हे गिम्प आपणहून लिहिते, आणि माझ्या मते बरोबरच करते. पण बघणाऱ्यानं नेमका तोच रकाना वाचला तर? म्हणून आता भाऊ उजळ केलेला प्रिंट वेगळा देतात आणि मूळ फाइलला हात न लावता पेन ड्राइव्हमध्ये टाकून देतात.

तेवढ्यात सफारीच्या जिप्सीवर जाणारा एक पोट्टा आला, मोबाईलमध्ये वाघीण, पाणवठ्यावर, बछड्यांसकट. त्याला लगेच फेसबुकवर टाकायचा होता. भाऊंनी आधी रेखांश दाखवला, पूर्व ७९ अंश, पुढं मिनिटं, सेकंदं. एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३० मीटर, म्हणजे पाणवठ्याचा पत्ताच की! फेसबुक माहिती दाखवत नसेलही, पण तीच फाइल पुढं दहा जणांना मेलनं गेली तर काय?

जेपेगमध्ये एक्सपोर्ट करताना गिम्प खिडकी उघडते, त्यात एक्झिफ, एक्सएमपी, आयपीटीसी अशा माहिती लिहायच्या तीन पद्धतींपुढं टिकमार्कच्या चौकटी असतात. लोक क्वालिटीचा आकडा बघतात आणि एक्सपोर्ट दाबतात. भाऊंनी तिन्ही टिका काढल्या, कारण नुसती एक्झिफची काढली अन् एक्सएमपीची राहिली तर हीच माहिती मागच्या दारानं जाऊ शकते. मग नवी फाइल परत उघडून मेटाडेटा पाहिला. हे परत उघडून पाहणं कोणी करत नाही, मीही करत नव्हतो.

काकाजी खुर्चीवर बसून सगळं बघत होते.

"माह्या वावराचा पत्ता ठेवला अन् वाघिणीचा काढला, असं कसं?"

"तुमच्या वावरात सायब यायला पाहिजे न काकाजी. तिच्याकडं कोणीच नको."

काकाजींनी पेन ड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात टाकला, वर गुंडी लावली आणि चिमूरच्या एसटीकडं निघाले.