हवालदाराची जागा

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या दिवाळीला आपण इथे परदेशात तमाशाचा गण, गौळण आणि वगातला एक प्रवेश बसवतोय. हवालदाराचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे गेले दोन महिने कामावर जाता-येता गाडीत मी दादा कोंडके ऐकतोय. दादांचं नाव काढलं की आपल्यातले काहीजण अवघडतात, हे मला ठाऊक आहे. तरीही आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

दादा, म्हणजे कृष्णा कोंडके, १९३२ साली मुंबईत, नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत जन्मले. बँडमध्ये वाजवलं, सेवादलाच्या कलापथकात कामं केली, पोटासाठी अपना बाजारात नोकरी केली. तरुणपणी वर्षभरात घरातली जवळची माणसं एकामागून एक गेली. त्या काळात आपण कुणाशी बोलत नव्हतो, अन्नावरची वासनाच उडाली होती, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. त्यातून उठल्यावर त्यांनी लोकांना हसवायचं ठरवलं. मला हे फार मोठं वाटतं. घरात एक मृत्यू झाला तर आपण वर्षभर सण करत नाही.

मग १९६५ साली वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. मूळ वग छपरी पलंगाचा. वशिल्याने कोतवाल झालेला एक माणूस मैनेच्या नादी लागून थेट राजाचा पलंग चोरतो, आणि त्याला त्या खड्ड्यात उतरवतो तो हवालदार. दादांचा हवालदार रोज नवा असायचा. सकाळच्या पेपरात जे आलं ते रात्री रंगमंचावर. वगाची संहिता हा सांगाडा असतो. मांस सोंगाड्याने, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाने, त्या रात्री, त्या गावचं, भरायचं असतं. आशा भोसल्यांनी हा प्रयोग पाहिला आणि दादांचं नाव चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना सुचवलं. १९६९ला ‘तांबडी माती’, १९७१ला स्वतःचा ‘सोंगाड्या’. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आणीबाणीनंतर आलेल्या ‘राम राम गंगाराम’चं नाव आधी ‘गंगाराम वीस कलमे’ होतं. इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाचे फलक भिंतीभिंतीवर होते, त्या दिवसांत हे नाव सुचणं आणि ते सेन्सॉरपुढे नेणं, याला छाती लागते. नाव बदलावं लागलं. त्यांच्या नंतरच्या काही विनोदांत बाईकडे बघण्याची जी नजर आहे ती मला पटत नाही, आणि ते मी झाकणार नाही. पण तेवढ्यावरून सगळा माणूस बाजूला सारणंही मला जमत नाही.

कारण सोंगाड्या म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलंय. वडील साखर कारखान्यात होते. जत्रेत तमाशा आला होता आणि कारखान्याचे चेअरमन पुढच्या खुर्चीत बसले होते. राजाने विचारलं, ‘‘आमच्या राज्यात न्याय कसा आहे?’’ सोंगाड्या म्हणाला, ‘‘कारखान्याच्या काट्यासारखा, महाराज. ऊस मोजताना एक, पैसे मोजताना दुसरा.’’ क्षणभर सगळं चिडीचूप. मग मागून, उसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांतून हशा उठला आणि तो थांबेचना. वडील हसले नाहीत, पण घरी जाताना सायकलवर ते वाक्य त्यांनी स्वतःशी दोनदा म्हटलं. चेअरमन गैरहजर असते तर त्या वाक्याला काही किंमत नव्हती. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर असताना बोलायचं, हा त्या धंद्याचा नियम.

आता आपल्याबद्दल. गेल्या वर्षीच्या गौळणीत एक वाक्य होतं. पेंद्या नव्या गौळणीला विचारतो, ‘‘आडनाव काय गं तुझं?’’ ती म्हणते, ‘‘नुसतं विचारतोस, का चाचपतोस?’’ तालमीत सगळे हसले आणि मग कुणीतरी म्हणालं, राहू दे, उगाच कुणाला लागेल. आपण ते काढलं. मीही मान डोलावली, आणि ते मला वर्षभर टोचत राहिलं. आपण त्या दिवशी राजकारण्यांवरचे विनोद ठेवले. ते राजकारणी दहा हजार किलोमीटरवर आहेत.

यंदा ते वाक्य परत आलंय. गौळणीचं काम करणारी मुलगी गेल्याच वर्षी इथे शिकायला आली. पहिल्या महिन्यात तिला हा प्रश्न आपल्याच लोकांनी तीनदा विचारला, असं तिने तालमीत सांगितलं. ते वाक्य ती पुढच्या रांगेकडे बघून म्हणणार आहे.