रानफुलांचं पुस्तक घेताना

मंडळी, रानफुलांचं पुस्तक हाती आलं की आपण आधी फोटो चाळतो. माझं सांगणं असं, की आधी ते कुठल्या भागाचं आहे ते बघा. मराठीतली बरीच पुस्तकं सह्याद्रीतली, सड्यांवरची (म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवरची) फुलं दाखवतात. आपलं नागपूरकडचं रान सागाचं, पानगळीचं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला. अभ्यासकांना त्याचा आजही आधार वाटतो. पण त्या काळी नागपूर मध्य प्रांतात होतं, म्हणजे ग्रंथाच्या हद्दीबाहेर. पुस्तक दुसऱ्या भागाचं असलं की समोरचं फूल त्यात सापडत नाही, आणि आपण त्यातल्या त्यात जुळणाऱ्या फोटोवर बोट ठेवून मोकळे होतो. बहुतेक चुका अशाच होतात. तेव्हा विदर्भ किंवा मध्य भारत व्यापणारं पुस्तक आधी शोधा, चित्रं थोडी साधी असली तरी चालतील.

आता केना घ्या. नागपुरात अंबाझरी तलावाच्या बाजूला पावसाळ्यात निळी फुलं दिसतात, ती केन्याच्या एकाहून जास्त जातींची असू शकतात. पाकळ्यांवरून त्या सहजी वेगळ्या होत नाहीत. फुलाखालचं दुमडलेलं, होडीसारखं पान उलटून बघा. नेहमीच्या केन्यात त्याच्या कडा खाली जुळून नरसाळं होतं, पानं रुंद असतात आणि पानाच्या तळाशी खोडाला वेढणाऱ्या भागावर तांबूस केस असतात. दुसऱ्या एका जातीत त्या कडा सुट्या असतात, पानंही अरुंद. पुस्तकात नुसता निळ्या फुलाचा मोठ्ठा फोटो असेल, तर यातलं काहीच कळणार नाही. पान, देठ, फळ यांचं चित्र आणि मोजमाप हवंच.

रंगानुसार मांडणी नवख्यांना सोयीची, हे खरं. पण छपाईत निळा रंग हमखास जांभळा होतो, आणि एकाच जातीची फुलं कधी पांढरीही निघतात. म्हणून रंगाच्या जोडीला ओळखण्याची किल्ली, म्हणजे पायरीपायरीने दोनातला एक पर्याय निवडत नावापर्यंत नेणारी यादी, असलेली बरी.

सूचीही तपासा. आपण तरोटा म्हणतो, तिकडे पश्चिमेला टाकळा म्हणतात. दोन्ही नावं हवीत. जुनं शास्त्रीय नाव कॅसिया टोरा, आताचं सेना टोरा. तेही दोन्ही हवं, नाहीतर जुन्या पुस्तकाशी मेळ बसत नाही.

दुकानात जाताना तरोट्याची एक ताजी डहाळी आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन जा. पानाच्या दांड्यावर, पर्णिकांच्या (म्हणजे दांड्यावरच्या छोट्या पानांच्या) खालच्या जोड्यांमध्ये, बारीक ग्रंथी, म्हणजे छोटे उंचवटे, दिसतात. तरोट्यात त्या सहसा खालच्या दोन जोड्यांमध्ये असतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सेना ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. पुस्तकात हा फरक दिलाय का, तेवढं पान उघडून बघा, मग पैसे काढा.