लिथियम घेणाऱ्याची थरथर वाढते तेव्हा

(दृश्य: कागदावर पेनने एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली जाते आहे. अक्षर वाकडं होत जातं.)

निवेदन:

लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध, मुख्यतः उन्मादावरचं, म्हणजे मन बेफाम उसळतं त्या आजारावरचं. ते घेणाऱ्या अनेकांचे हात थोडे कापतात. सही करताना, कप उचलताना बोटांना बारीक थरथर जाणवते. ती डॉक्टरांना सांगायची, फार त्रास होत असेल तर ते मात्रा बदलतात. एवढ्याने जीवाला धोका नसतो.

पण एखाद्या दिवशी हीच थरथर ठसठशीत होते. बोटांपुरती न राहता अख्खा हात हलू लागतो. चालताना झोकांड्या जातात, जीभ जड होते, शब्द एकमेकांत मिसळतात. उलट्या आणि जुलाब सुरू असतात. माणूस दिवसाढवळ्या पेंगतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. जवळच्यांना वाटतं, जुना आजार उलटला. परक्यांना वाटतं, दारू प्यायलाय. दोन्ही अंदाज चुकीचे असू शकतात, आणि त्या चुकीत जे तास जातात ते फार महाग पडतात. ही लिथियमची विषबाधा असू शकते.

(दृश्य: जुनं वैद्यकीय नियतकालिक, पानं उलटतात.)

या औषधाची तारणारं आणि मारणारं अशी दोन्ही रूपं पहिल्यापासून डॉक्टरांच्या समोर होती. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण वर्षानुवर्षं आजारी होता. लिथियम सुरू झाल्यावर काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. पुढे गोळ्या सुटल्या, आजार परतला, लिथियम पुन्हा सुरू करावं लागलं. १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. रक्तातलं लिथियम मोजून मात्रा ठरवायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

१९४९ मध्येच अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं. गिऱ्हाईक कोण, तर ज्यांना मीठ वर्ज्य होतं असे हृदयविकाराचे रुग्ण. त्यांतले काही दगावले आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. मीठ टाळणाऱ्या माणसांच्या हाती नेमकं लिथियम पडलं, याहून वाईट जोडी सुचणार नाही. का, ते समजून घ्यायला हवं, कारण आजच्या बहुतेक धोक्यांचं मूळ तिथेच आहे.

लिथियम शरीराबाहेर पडतं ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम परत ओढून घेतं, आणि त्याच्यासोबत लिथियमही परत येतं. गोळ्या तेवढ्याच असतात, वेळाही त्याच असतात, तरी रक्तातली पातळी चढत जाते.

(दृश्य: तपासणीचा अहवाल. एका आकड्यावर बोट.)

ही पातळी नेहमी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तीव्र उन्मादात काही काळ १.२ पर्यंत. १.५ च्या पुढे विषबाधेची शक्यता वाढते. २ च्या पुढे प्रकरण गंभीर असतं. झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. फायदा आणि अपाय यांच्यात इतकं थोडं अंतर असलेली औषधं कमीच. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर आकडा फसवतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. विषबाधा व्हायला जास्त गोळ्याच घ्याव्या लागतात असं नाही. दोन दिवस जुलाब झाले, तापात अन्नपाणी सुटलं, उन्हात घाम गाळून काम केलं, कुणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम बंद केलं, एवढंही पुरतं. गुडघा दुखतो म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक लिथियमची पातळी वाढवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः थायझाइड गटातल्या लघवी वाढवणाऱ्या आणि एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या, तेच करतात. दुखण्यावर औषध देणाऱ्याला लिथियम चालू असल्याचं ठाऊकच नसतं, कारण मनाच्या आजाराची गोळी सांगायला माणसं कचरतात. ती लाज समजण्यासारखी आहे. पण औषध देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलंच पाहिजे.

वयस्कर माणसांत विषबाधा हळूहळू चढते. मूत्रपिंडाचं काम वयानुसार मंदावतं आणि वर्षानुवर्षं चालत आलेली मात्रा जास्त ठरू लागते. बोलणं संथ होतं, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. अशा वेळी आकडा मर्यादेत असूनही मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो. म्हणून अहवाल ठीक आला तरी चाल आणि बोलणं बिघडलं असेल, तर ते डॉक्टरांना ठासून सांगावं. उशीर झाला तर लहान मेंदूला झालेली इजा काहींमध्ये कायमची राहते. औषध बंद करूनही तोल आणि उच्चार पूर्ववत होत नाहीत.

थायरॉइड मंदावणं, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, मूत्रपिंडावर ताण येणं हे परिणाम वेगळे, सावकाश होणारे. त्यासाठी ठरावीक काळाने तपासण्या असतातच. मात्र तहान भागतच नसेल आणि लघवीला सारखं जावं लागत असेल, तर पाणी तोडू नका, डॉक्टरांना सांगा.

(दृश्य: रुग्णालयाचा तातडीचा विभाग.)

थरथर वाढली, तोल जातोय, जीभ अडखळतेय, उलट्या थांबत नाहीत किंवा गुंगी आहे, अशी शंका आली तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच वेळी तातडीच्या विभागात पोचा. दारातच सांगा, ‘लिथियम चालू आहे.’ सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, दुखण्यावरच्या गोळीचंही. शेवटची मात्रा कधी घेतली, आजारपण कधी सुरू झालं, लघवी होते का, हे तिथे विचारतात. लिथियमची पातळी, मूत्रपिंडाचं काम आणि क्षार तपासतात, शिरेतून द्रव देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. त्यानंतर पातळी पुन्हा वर येऊ शकते, म्हणून रक्त परत परत घेतलं जातं. मेंदूतून लिथियम सावकाश निघतं. त्यामुळे आकडा उतरला तरी माणूस काही दिवस गोंधळलेला राहू शकतो. यात घाबरून घरी नेण्याची घाई करू नका.

आणि हे सगळं ऐकून कुणी आज रात्री स्वतःहून लिथियम सोडू नये. ते अचानक थांबवलं तर उन्माद उसळून येण्याचा धोका मोठा असतो. हजारो माणसांचं आयुष्य याच गोळीने सावरलं आहे. विषबाधा झाली तरी औषध कायमचं जातंच असं नाही. कारण सापडलं, पातळी उतरली, मूत्रपिंड ठीक असलं, तर मनोविकारतज्ज्ञ कमी मात्रेपासून ते पुन्हा सुरू करू शकतात, किंवा दुसरं औषध निवडतात.