पॅकेज सगळे सांगतात, आय-८६४ कोणी दाखवत नाही

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी दोन गोष्टी सांगून टाकते. मी वकील नाही. बरीच वर्षं न्यू जर्सीत लोकांची टॅक्स रिटर्न्स भरली आणि रिटर्न झालं की तेच लोक आय-८६४ हा फॉर्म, म्हणजे अमेरिकेत बोलावलेल्या नातेवाइकाला आम्ही सांभाळू अशी लेखी हमी, पुढे सरकवायचे, 'ताई, एवढं बघता का?' म्हणून. दुसरं, नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि मुलगी एच-फोर या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर चाललीय, अशी मंडळी इथे असतील तर त्यांना हा फॉर्म लागत नाही. जोडीदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि त्याने किंवा तिने आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलवायचा अर्ज, भरून तुम्हाला कायमचं बोलावलंय, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

आपल्याकडे स्थळ बघताना सगळं विचारतात. पॅकेज किती, घर स्वतःचं की भाड्याचं, कर्ज किती. मुलाकडचेही सांगतात, थोडं वर करूनच सांगतात. कंपनीचे अजून हातात न आलेले शेअर्स त्यात असतात, इन्शुरन्सचा हप्ता असतो, निवृत्ती खात्यात कंपनी टाकते ते पैसेही असतात. पण ज्या एका कागदावर त्याच्या उत्पन्नाचा खरा आकडा, घरातली खाणारी तोंडं आणि आधी कोणाकोणाची जबाबदारी घेतलीय हे सहीनिशी लिहिलेलं असतं, तो कागद मुलीकडचं कोणी मागत नाही. मुलगीही मागत नाही. खरं तर तो तिच्यासाठीच भरलेला असतो. तिच्या केसमध्ये अपलोड होतो, तिच्या व्हिसा इंटरव्ह्यूत अधिकाऱ्यासमोर उघडला जातो आणि त्यातला शब्दन् शब्द तिच्या हक्काचा असतो. आय-८६४, अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट.

हा कागद आला कुठून? जो माणूस सरकारवर भार होईल त्याला उतरू द्यायचं नाही, ही तरतूद अमेरिकेच्या कायद्यात १८८२ पासून आहे. पुढे नातेवाइकांकडून 'आम्ही याला सांभाळू' असं लिहून घ्यायला लागले, पण प्रकरण कोर्टात गेलं की कोर्ट म्हणायचं, ही नैतिक जबाबदारी झाली, वसुली करता येणार नाही. १९९६ साली क्लिंटन यांच्या सहीने कायदा बदलला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हा फॉर्म म्हणजे सरकारशी केलेला करार झाला. आता त्यावर वसुली होते. फिआन्से, म्हणजे लग्न ठरलेल्या जोडीदाराच्या, व्हिसासाठी आय-१३४ नावाचा वेगळा फॉर्म असतो. लोक दोन्हींची गल्लत करतात. आय-१३४ला हे दात नाहीत.

आता आकडे. अमेरिकेचं आरोग्य खातं दरवर्षी दारिद्र्यरेषेचा तक्ता काढतं आणि स्पॉन्सरचं, म्हणजे हमी देणाऱ्याचं, उत्पन्न त्याच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. सैन्यात कार्यरत असलेल्याने जोडीदाराला बोलावलं तर १०० टक्के पुरतात. २०२५ च्या तक्त्यानुसार, अलास्का आणि हवाई सोडून, दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर लागतात. तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७. आयटीतल्या माणसाला यात अडचण येत नाही. तो तिथल्या तिथे पास. अडतात ते दोन प्रकारचे लोक. एक विद्यार्थी. दुसरे धंदेवाले, आणि त्यांचं दुखणं मोठं मजेदार असतं. दुकानाची उलाढाल दोन लाख डॉलरची, पण टॅक्स वाचवायला गाडी, फोन, घरातली खोली, सगळं खर्चात दाखवलेलं. १०४० या टॅक्स रिटर्नच्या फॉर्मच्या नवव्या ओळीत, जिथे टोटल इन्कम येतं, तिथे उरतात एकोणीस हजार. मग माझ्याकडे येऊन म्हणायचे, 'ताई, खरं उत्पन्न जास्त आहे हो.' खरं उत्पन्न म्हणजे सरकारला सांगितलेलं उत्पन्न. दुसरं कुठलं तिथे चालत नाही.

आकड्यापेक्षा जास्त केसेस अडकतात त्या डोकी मोजण्यात. घरात राहणारी माणसं मोजायची असा लोकांचा समज असतो. तसं नाही. स्वतः, जोडीदार, अविवाहित लहान मुलं, टॅक्सवर दाखवलेली अवलंबून माणसं, जिला बोलावताय ती व्यक्ती, आणि आधी ज्यांच्यासाठी हाच फॉर्म भरलाय व जबाबदारी अजून संपलेली नाही ती सगळी. आपल्या लोकांची गोची होते ती इथे. आई-बाबांना पाच वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर नेलं, ते वर्षातले आठ महिने कोथरूडलाच असतात, तरी मोजायचे. ते नागरिक झाले असतील आणि टॅक्सवर अवलंबून दाखवलेले नसतील, तर मात्र वगळायचे.

एक उदाहरण घेऊ. ओहायोत शिकणारा मुलगा, जन्माने अमेरिकन नागरिक, असिस्टंटशिपचे वर्षाला २२,००० डॉलर. लग्न पुण्यात, बायकोला न्यायचंय. कमी पडले ४,४३७. घरच्यांचा पहिला विचार काय? टेक्ससच्या काकांना विचारू. काका जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मुलाच्या जोडीने हमी देणारा दुसरा माणूस, होऊ शकतात. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, अठरा वर्षांवरचा, अमेरिकेत राहणारा कोणीही चालतो, नातं असायलाच हवं असंही नाही. पण काकांची डोकी मोजा. काका, काकू, दोन मुलं, स्पॉन्सर केलेले आजी-आजोबा आणि आता ही सून. सात. सातांना ६०,८१२ डॉलर लागतात. काका-काकूंचं रिटर्न एकत्र आहे आणि फक्त काकांचा पगार धरायचाय, तर तो वेगळा दिसावा म्हणून डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, जोडायला हवा. काकूंचाही धरायचा असेल तर काकूंची आय-८६४ए, म्हणजे घरातल्या माणसाने आपलं उत्पन्न जोडायच्या फॉर्मवर, सही हवी, म्हणजे काकूही बांधल्या गेल्या. आणि काका आले म्हणून मुलाची सुटका होत नाही. त्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो.

काकांकडे जायच्या आधी मालमत्तेकडे बघा, असं मी नेहमी सांगायचे. नागरिकाच्या जोडीदाराच्या केसमध्ये जेवढं उत्पन्न कमी पडतं त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवली की भागतं. ग्रीन कार्डधारकाने बोलावलं असेल तर पाचपट. इथे ४,४३७ची तिप्पट, १३,३११ डॉलर, म्हणजे साधारण अकरा-बारा लाख रुपये. आणि ही मालमत्ता बायकोचीही चालते! तिने पाच वर्षं हिंजवडीत नोकरी केली असेल तर तिच्या नावावरच्या एफडीतच हे निघतील. वर्षभरात मोडून रोख करता यावी आणि कर्ज वजा जाता उरलेलीच किंमत धरावी, एवढी अट. सासऱ्यांच्या नावावरचा फ्लॅट धरता येत नाही, तो 'शेवटी मुलीचाच' असला तरी. तिचा इथला पगारही धरता येत नाही, कारण तिकडे गेल्यावर ती नोकरी राहत नाही.

आता खास पुण्याचा प्रकार. आई-वडील अमेरिकेत असताना मूल झालं, मग मंडळी परत आली, बाणेर-औंधला स्थायिक झाली. मूल इथेच वाढलं, सव्वीसचं झालं, पासपोर्ट अमेरिकन. इथल्याच मुलीशी लग्न, आणि आता दोघांना जायचंय. या मुलाला बऱ्याचदा माहीतच नसतं की अमेरिकन नागरिकाने जगात कुठेही कमावलं तरी ठरावीक मर्यादेच्या वर रिटर्न भरावं लागतं. इथला टॅक्स इथे कापला गेला, भारतातलं रिटर्न भरलं, विषय संपला असं त्याला वाटतं. फॉर्मला अमेरिकन रिटर्न लागतं. मर्यादेच्या खाली असाल तर तसं लेखी स्पष्टीकरण जोडा. वर असाल तर राहिलेली रिटर्न्स आधी भरा, मगच फॉर्मला हात लावा. शिवाय त्याचं वास्तव्य अमेरिकेत आहे किंवा बायकोच्या आधी, निदान तिच्याबरोबर, तिथे जाऊन राहणार आहे हे पटवावं लागतं. नोकरीचं पत्र, भाड्याच्या घराचा करार, बँक खातं, असं काहीतरी हातात हवं. 'जाऊ की' म्हणून भागत नाही. अशा केसमध्ये जॉइंट स्पॉन्सर जवळजवळ लागतोच, कारण इथला पगार तिकडे चालू राहणार नसतो.

कागद गोळा करायचं काम कंटाळवाणं आहे, भरभर सांगते. आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे येते. तिथे व्हिसाची फी ३२५ डॉलर आणि फक्त हा आधाराचा कागद तपासायची फी १२० डॉलर. रिटर्नऐवजी आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा, द्या. ते फुकट मिळतं आणि त्यावर वाद होत नाही. जॉइंट स्पॉन्सरने पासपोर्ट किंवा ग्रीन कार्डची प्रत जोडायची, जी हमखास विसरली जाते. सही शाईची, मग स्कॅन. नोटरीची गरज नाही. आपल्या लोकांना शिक्का नसला की चैन पडत नाही, पण इथे नको.

मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधला इंटरव्ह्यू. नवरा सहसा तिकडे असतो, खिडकीसमोर मुलगी एकटी. अधिकारी विचारू शकतो, नवरा काय करतो, आधी लग्न झालं होतं का, हा जॉइंट स्पॉन्सर कोण, तो तुमची जबाबदारी का घेतोय. मुलीने फॉर्म पाहिलेलाच नसतो. ती म्हणते, 'त्यांचे मित्र आहेत.' नाव? नाव आठवत नाही. कागद कमी पडला तर २२१(जी)ची चिठ्ठी मिळते, कागद भरून दिला की केस पुढे सरकते, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण आपल्याच केसबद्दल आपल्यालाच माहीत नसणं वाईट दिसतं, आणि शंका तिथूनच सुरू होते. म्हणून मी मुलांना दटावायचे, सही करायच्या आधी व्हिडिओ कॉल लावा आणि दोघांनी मिळून पहिल्या पानापासून वाचा. काही मुलं लाजायची, पगार कळेल म्हणून. अरे, लग्न केलंयस ना?

वाचायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. स्पॉन्सरने सोडून दिलं तर जिला बोलावलं ती व्यक्ती या कागदावर कोर्टात जाऊन १२५ टक्क्यांपर्यंतचा आधार मागू शकते. एकट्या माणसाला २०२५ च्या तक्त्याने हा आकडा वर्षाला साडेएकोणीस हजारांच्या आसपास येतो. शिकागोच्या सातव्या सर्किट कोर्टात, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय अपील कोर्टात, २०१२ साली नवऱ्याच्या बाजूने म्हणणं आलं की ही नोकरी शोधत नाही, मग मी का देऊ? न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी ते फेटाळलं. तिने नोकरी शोधायलाच हवी अशी अट करारात नाही, असा निकाल. २०१६ साली नवव्या सर्किटने सांगितलं की लग्नाआधी 'पोटगी मागणार नाही' असं लिहून घेतलं असलं तरी ही जबाबदारी पुसली जात नाही. हे मी मुलांच्या आयांना घाबरवायला सांगत नाही. परदेशात नवऱ्याने टाकलेल्या मुलींच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात, त्यातल्या कितीजणींना हा कागद असतो हे तरी माहीत असतं? निघताना त्याची एक प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या.

मागून प्रश्न आलाय, मग हे संपतं कधी? काकांना हेच विचारायचं असतं, बरोबर आहे. ती व्यक्ती नागरिक झाली की संपतं. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्ती योजनेच्या, हिशेबाने कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या की संपतं. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे एकटीच्या कामावर किमान दहा वर्षं. लग्न टिकलेलं असेल तर संसाराच्या काळात नवऱ्याने कमावलेल्या तिमाह्याही तिच्या खात्यात धरता येतात, घरी बसून मुलं सांभाळली तरी. ग्रीन कार्ड सोडून ती कायमची परत आली तर संपतं, आणि दोघांपैकी कोणी वारलं तर. स्पॉन्सर वारला तर तोपर्यंतची थकलेली रक्कम मात्र त्याच्या मालमत्तेतून मागता येते.

पत्ता बदलला तर काय, असं अजून कोणीतरी विचारतंय. चांगला प्रश्न, कोणी विचारत नाही. जबाबदारी चालू असेपर्यंत स्पॉन्सरने घर बदललं की तीस दिवसांत आय-८६५ भरून इमिग्रेशन खात्याला कळवायचं. काकांनीसुद्धा. नाही कळवलं तर २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. आणि स्पॉन्सर ग्रीन कार्डवर असेल तर त्याने एआर-११, म्हणजे स्वतःचा पत्ता बदलल्याचा फॉर्म, भरला म्हणजे हेही झालं असं समजू नका, ते दोन वेगळे फॉर्म आहेत.