पाऊल आधी, वेग नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

‘पेस’ हा इंग्रजी शब्द आता आपल्याकडे ठाण मांडून बसलाय. क्रिकेटवेड्यांना पेस म्हणजे जलद गोलंदाजी. पहाटे पळायला जाणाऱ्यांना पेस म्हणजे मनगटावरच्या घड्याळातला आकडा. आणि आजोबांच्या छातीत बसवलेला पेसमेकर? तो तर पळतही नाही आणि चेंडूही टाकत नाही!

गंमत अशी की मुळात या शब्दाचा वेगाशी काही संबंधच नव्हता. लॅटिनमधलं ‘पासुस’ म्हणजे पाऊल. रस्ता मोजताना रोमन लोक दोन पावलांचा एक पासुस धरत. म्हणजे उजवा पाय उचलला आणि तोच पुन्हा टेकला, की झाला एक. असे हजार झाले की ‘मिल्ले पासुस’. पुढे त्यातलं पाऊल गळालं, नुसता हजार उरला, आणि तोच आपला मैल. रोमन मैल साधारण 1,480 मीटरचा भरतो. 1,609 मीटरचा मैल इंग्रजांनी पुढे ठरवला.

पावलांनी जमीन मोजायची म्हणजे काय, हे खरं दाखवलं ते कुमाऊँच्या नैनसिंह रावतांनी. हे शाळामास्तर. तिबेटची वाट परक्यांना बंद होती, तेव्हा ब्रिटिश सर्वेक्षण खात्यानं डेहराडूनला त्यांना एक अजब शिक्षण दिलं: चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचं पडलं पाहिजे. चढावर पाऊल आखडतं, उतारावर लांबतं. करून बघा, म्हणजे कळेल. हातात जपमाळ होती, पण 108 ऐवजी 100 मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं. बघणाऱ्याला वाटावं, यात्रेकरू नामस्मरणात दंग आहे! प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. असे ते 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. त्यांना घाई करून चालणारच नव्हतं. त्यांचा पेस म्हणजे लांबी, निव्वळ लांबी.

मग वेग आला कुठून? पावलं किती भराभर पडतात, हे बघता बघता अर्थ सरकला असावा. पळणाऱ्यांनी तर तो उलटाच करून टाकला. त्यांचा पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटं: ताशी 10 किलोमीटर धावलात तर पेस 6, आणि ताशी 12 धावलात तर 5. आकडा उतरला की पोरगं खूश! घरच्यांना वाटतं, मार्क कमी पडले.

घोड्याच्या एका चालीचंही नाव पेस. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे. उंटही असाच चालतो, म्हणून त्याच्यावर बसलेला माणूस डावी-उजवीकडे डुलत राहतो.

मराठीत मात्र या शब्दासाठी एकच खुंटी शोधू नये. खोलीत कुणी बेचैन होऊन पेस करत असेल, तर तो येरझारा घालतो. जेवणानंतर आपण घालतो ती शतपावली. नावातच शंभर पावलं, मोजत कुणीच नाही. आणि ‘ॲट युअर ओन पेस’चं सरकारी पत्रकात ‘आपल्या स्वतःच्या गतीने’ होतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो, ‘झेपेल तसं’ म्हणा की!

राहता राहिला पेसमेकर. शर्यतीत पुढे पळून दुसऱ्याला चाल बांधून देणारा, तो पेसमेकर. 1954 साली ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टरनं चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, तेव्हा ब्रॅशर आणि चॅटवे या दोघांनी आळीपाळीनं पुढे राहून त्याला तशी चाल दिली होती. हृदयाला ठोका बांधून देणाऱ्या यंत्रानंही हेच नाव घेतलं. 1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात असं यंत्र पहिल्यांदा बसवलं, आणि ते काही तासांतच बंद पडलं. लगेच दुसरं बसवलं. पुढे यंत्रं बदलत गेली आणि लार्सन 2001 पर्यंत जगले. त्यांच्यासाठी ते यंत्र बनवणारा इंजिनिअर आणि बसवणारा सर्जन, दोघेही त्यांच्या आधी गेले.

नमस्कार.