बुजगावण्याच्या उलटं काम

नमस्कार मंडळी. आजचा विषय डेकॉय, म्हणजे पाखरांना जवळ बोलवायला शेतात मांडलेले खोटे पक्षी. विषय ऐकून आल्या आल्याच दोघातिघांनी मला विचारलं, की तुम्ही तिकडे इंग्लंडमध्ये खरंच कबुतरं आणि कावळे मारता का. हो, मारतो, आणि त्याबद्दल सगळं मोकळेपणाने सांगणार आहे, पण सुरुवात आजोळापासून करतो. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा मुलूख. कणसात दाणा भरायला लागला की आम्हा पोरांना पाखरं राखायला रानात पाठवायचे. मधे माळा, हातात गोफण, आणि बांधाच्या कडेला बुजगावणं. मामा दर दोन-तीन दिवसांनी त्या बुजगावण्याची जागा बदलायचा, कधी सदराच बदलायचा, मी विचारलं की कशाला एवढा उद्योग, तर म्हणाला पाखरू येडं नसतंय, जे हलत नाही ते माणूस नाही हे त्याला तिसऱ्या दिवशी कळतं.

डेकॉय म्हणजे बुजगावण्याच्या बरोब्बर उलटं काम. बुजगावणं म्हणतं येऊ नको, डेकॉय म्हणतं ये, इथे तुझे भाऊबंद चरतायत, काही भीती नाही. पण मामाचं वाक्य दोन्हीकडे तेवढंच खरं आहे, पाखरू येडं नसतं.

मी गेली १६ वर्षं पूर्व इंग्लंडमध्ये राहतो, लिंकनशरमध्ये, सगळा सपाट शेतीचा भाग. तिथला वुडपिजन म्हणजे आपला पारवा नाही. तो अंगाने भरलेला, साधारण अर्धा किलोचा पक्षी, मानेवर पांढरा ठिपका आणि उडताना पंखावर ठळक पांढरा पट्टा. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे. हिवाळ्यात खायला काही उरत नाही तेव्हा हे थवेच्या थवे ऑइलसीड रेपवर उतरतात. रेप म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातलंच तेलबियांचं पीक. फेब्रुवारीत त्याची कोवळी पानं हे इतकी कुरतडतात की नुसत्या शिरा उरतात, मग वसंतात वाटाणा पेरला की तो, मग जुलैत पावसाने आडवा झालेला गहू. शेतकरी गॅसची बंदूक लावतात जी ठराविक वेळाने धडाम करते, पतंग लावतात, चार दिवस चालतं आणि मग पक्षी त्या बंदुकीशेजारीच चरताना दिसतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. तिथे मजा म्हणून कोणी उठून वुडपिजन मारू शकत नाही, पिकाचं गंभीर नुकसान टाळायला म्हणून जनरल लायसन्स, म्हणजे वेगळा अर्ज न करता सगळ्यांना लागू असलेला सरकारी परवाना असतो, आणि आधी दुसरे उपाय करून बघायचे अशी त्याची अट असते. २०१९ च्या एप्रिलमध्ये ही लायसन्सं एका कायदेशीर आव्हानानंतर एकदम मागे घेतली गेली होती, ऐन वाटाण्याच्या दिवसांत, तेव्हा शेतकऱ्यांची उडालेली धांदल मी जवळून बघितलीय. शिवाय तिथे स्टॉक डव्ह नावाचा जवळपास तसाच दिसणारा पक्षी आहे, त्याला संरक्षण आहे, तो जरा लहान आणि त्याच्या पंखावर तो पांढरा पट्टा नाही. ओळखता येत नसेल तर बंदूक उचलायची नाही. आणि भारतात यातलं काहीही करू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, कावळा पूर्वी त्यातल्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली.

आता मुद्द्यावर येतो. मी सुरू केलं तेव्हा मला वाटायचं की डेकॉय जितके जास्त तितकं बरं. पहिल्या वेळी मी चाळीस प्लॅस्टिकचे डेकॉय नेले, ओळीत मांडले, पिकाच्या रांगा जशा असतात ना तसे, आणि दिवसभर बसलो. थवे लांबून यायचे, शंभर यार्डांवर एकदम वर उठायचे आणि वळून जायचे. संध्याकाळी ज्यांचं शेत होतं ते आजोबा आले, त्यांनी डेकॉयकडे बघितलंच नाही, ते झाडांकडे बघत होते आणि मला म्हणाले की ते कुठून येतात ते बघितलंस का. नव्हतं बघितलं.

म्हणून आता मी कमीत कमी एक सकाळ, जमलं तर दोन, नुसता बघायला जातो. बंदूक घरी, दुर्बीण गळ्यात. वुडपिजन आकाशातून वाटेल तिथून येत नाहीत, त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, अमुक झाडांची रांग, तमुक ओढा, दोन रानांमधली फट. तीस एकरांच्या शेतात ते एखाद्या एकराच्याच तुकड्यावर उतरतात, कारण तिथे पीक विरळ असतं, माती दिसते, उतरायला सोपं जातं. डेकॉय त्या वाटेखाली आणि त्या तुकड्यातच पाहिजेत. तुमचं लपण, म्हणजे लपून बसायची जागा, सोयीचं आहे म्हणून शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात डेकॉय मांडलेत तर ते कितीही छान असोत, पक्षी तुमच्या डोक्यावरून आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसणार. जिथे त्यांना जायचंच आहे तिथेच डेकॉयचा उपयोग, नको असलेल्या जागी ते कुणाला ओढून आणत नाही, हे मला कळायला दोन हिवाळे गेले.

मग वारा. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतो, विमानासारखाच. त्यामुळे डेकॉयची तोंडं ढोबळमानाने वाऱ्याकडे, पण परेडसारखी एकाच दिशेला नाहीत, कुणी थोडं डावीकडे कुणी उजवीकडे, चरणारा पक्षी काय सावधान उभा राहत नाही. दोघांमध्ये एक-दोन पावलांचं अंतर, काही जवळ काही लांब. बारा-पंधरा पुरतात. मांडणी मी घोड्याच्या नालेसारखी करतो, नालेचं उघडं तोंड वारा वाहून जातो त्या बाजूला, आणि मधे मोकळी जागा, म्हणजे येणारा पक्षी वाऱ्यावर चढत चढत त्या मोकळ्या जागेत उतरायला बघतो. ती मोकळी जागा माझ्या लपणापासून २० ते २५ यार्डांवर. सगळ्यात लांबचं डेकॉय मी पावलं मोजून ३५ यार्डांवर ठेवतो आणि त्याच्या पलीकडच्या पक्ष्यावर बार टाकत नाही, कारण लांबून छर्रे लागून जखमी होऊन कुठेतरी झुडपात जाऊन मरणारा पक्षी, याच्याइतकं वाईट या कामात काही नाही. वारा अजिबात नसेल तर मी सरळ घरी परततो, पक्षी कुठूनही कसेही येतात आणि मांडणीला अर्थ राहत नाही.

डेकॉय कशाचं, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. प्लॅस्टिकचं पोकळ कवच मिळतं, ते हलकं आणि एकात एक बसतं, पण त्याची चमक हा मोठा दोष, ओलं झालं की उन्हात काचेसारखं चकाकतं आणि तिथेच पक्षी फिरतो. मखमलीसारखा थर दिलेले मिळतात ते बरे. पण खऱ्या मेलेल्या वुडपिजनची सर कशालाच नाही. आदल्या वेळचे चारपाच फ्रीझरमध्ये ठेवलेले असतात, त्यांना तारेच्या पाळण्यात बसवायचं, पोट खाली, डोकं काटकीने वर. जसजसे दिवसात पक्षी पडतात तसतसे प्लॅस्टिकचे काढून त्यांच्या जागी हे लावत जायचे. आणि उताणा पडलेला पक्षी तसाच ठेवायचा नाही, पांढुरकं पोट वर दिसलं की वरून येणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी झालंय. सांडलेली पिसंही मी गोळा करतो.

आता तो पांढरा पट्टा. वुडपिजन उतरताना पंख फडफडवतो, तो पट्टा चमकतो, आणि अर्ध्या मैलावरच्या पक्ष्याला तेवढं बघून कळतं की तिकडे जेवण आहे. बसलेलं डेकॉय एवढ्या लांबून दिसतच नाही. म्हणून हालचाल लागते. एक प्रकार म्हणजे लवचिक काठीवर पंख उघडलेला पक्षी, वाऱ्याने वरखाली होतो, मला हाच आवडतो. दुसरं म्हणजे मशीन, दोन लांब हात, दोन्ही टोकांना पंख पसरलेला पक्षी, १२ व्होल्टच्या बॅटरीवर गोल फिरतं. काही वर्षांपूर्वी या मशीनने कमाल केली होती म्हणतात, आता मात्र त्या भागातले पक्षी इतक्यांदा ते बघून चुकलेत की कधी कधी मशीन दिसताच थवा फुटतो. मी अजून वापरतो पण सलग फिरवत नाही, स्पीड कमी, थोडं फिरवून थांबवायचं, आणि अर्ध्या तासात दोनदा पक्षी बिचकले तर उठून मशीन बंद करायचं, त्यात हट्ट कामाचा नाही. परत मामाच आठवतो, सदरा बदलणारा.

पहिला पक्षी पडला की मी त्याच्या गळ्याखालची पिशवी उघडून बघतो. रेपची पानं निघाली तर मी बरोबर शेतात आहे. पिशवीत ओकची फळं निघाली तर त्यांचं खरं जेवण पलीकडच्या रानात आहे आणि इथे ते फक्त येताजाता थांबतायत.

कावळ्यांचं वेगळं सांगावं लागेल, आणि इथे मला माहितीये की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ऐकताना जड जाणार आहे. मलाही गेलं. वडिलांच्या दहाव्याला आम्ही दीड तास उन्हात उभे होतो, पिंडाला कावळा शिवेना, काकांनी हात जोडून सगळ्यांची काळजी घेऊ असं म्हटलं तेव्हा शिवला. तो कावळा मी कधी विसरणार नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात तेव्हा तिथला काळा कॅरियन क्रो अर्धवट जन्मलेल्या कोकराचे डोळे आणि जीभ टोचून काढतो, कोकरू जिवंत असताना. ते एकदा स्वतः बघितलं, त्या मेंढपाळ बाईंचा चेहरा बघितला, आणि मग त्यांच्या शेतावरचे कावळे मारायला मी त्यांना हो म्हटलं. पितृपक्षातले पंधरा दिवस मात्र मी कावळ्यावर बंदूक उचलत नाही, आईला शब्द दिलाय.

कावळ्याच्या बाबतीत वुडपिजनची रीत चालत नाही. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या लोकांनी मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडले होते, ते कावळे पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की अंगावर यायचे, ज्यांना पकडलंच नव्हतं तेसुद्धा. तेव्हा इथे लपण दुप्पट चांगलं लागतं, डोक्यावरूनही झाकलेलं, तोंडाला जाळी, आणि उजाडायच्या आत आत शिरलेलं असायला हवं. डेकॉय चारपाचच, पैकी एखादं काठीवर उंच, पहारेकऱ्यासारखं, कारण चरणाऱ्या कावळ्यांत एक जण वर बसून बघत असतो आणि तो निवांत दिसला की बाकीचे खाली येतात. कुणी प्लॅस्टिकचं घुबड ठेवतात, कावळे त्याच्यावर तुटून पडतात, पण मग ते चिडलेले असतात आणि सगळ्या परिसरात बोंब होते, मला ते पटत नाही. मेलेला कावळा डेकॉय म्हणून मी कधीच ठेवत नाही, आपल्या अंगणात एक कावळा मेला की कसे पन्नास जमून ओरडतात ते लहानपणापासून बघितलंय, ती बोलावणी नसते, तो इशारा असतो. रेकॉर्ड केलेला आवाज लावणं आणि जिवंत पक्षी बांधून ठेवणं या दोन्हींना तिथे १९८१ च्या कायद्याने मनाई आहे, तोंडाने वाजवायची शिट्टी चालते.

एका सकाळी दोन कावळे मिळाले तर मी तिथेच थांबतो. बहुतेकदा बाकीचे त्या शेताकडे आठवडाभर फिरकत नाहीत आणि तेवढ्यात कोकरं पायावर उभी राहतात, त्या बाईंना तेवढंच हवं असतं.

वुडपिजन मात्र वाया जात नाही. जास्तीचे गेम डीलरकडे, म्हणजे शिकारीचं मांस विकत घेणाऱ्या दुकानदाराकडे जातात, घरचे आम्ही खातो. फक्त छातीचं मांस काढायचं, पातळ काप, कांदा-खोबऱ्याचं वाटण आधी पूर्ण परतून घ्यायचं आणि मांस शेवटी, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटंच, त्याच्या पुढे गेलात तर चामडं होतं. बायकोने पहिल्या वर्षी हात लावला नव्हता, आता ज्वारीचं पीठ संपत आलं की आधी विचारते, शनिवारी जाणार आहेस का, म्हणजे भाकरीचं बघायला.