आधी रेघ, मग अक्षर

(दृश्य: उघडी सॅक. हातमोजे, मास्क, काळ्या पुठ्ठ्याची वही.)

या सॅकमध्ये रंग नाही. ग्राफिटी, म्हणजे भिंतीवर स्प्रेने अक्षरं-चित्रं, करायला परदेशी निघालो असलो तरी रंगाचा एक कॅनही सोबत घेता येत नाही. ज्वालाग्राही वायूच्या दाबावर उडणारा स्प्रे विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही. रंग तिकडेच घ्यायचा. इथून निघतात त्या मूठभर कॅप्स, म्हणजे फवारा बारीक पडेल की जाड हे ठरवणारी प्लास्टिकची इवलीशी बोंडं. आणि ही वही. तिला ब्लॅक बुक म्हणतात. गेले चार महिने मी तिच्यात एकच शब्द काढतोय : ओढ.

जर्मनीतल्या एका ग्राफिटी संमेलनाचं निमंत्रणपत्र आलं, युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला, आणि निघालो.

(दृश्य: लोकलच्या खिडकीतून नदी.)

फ्रँकफर्टच्या विमानतळावरून एस-९ लोकल धरली की ती माइंत्स-कास्टेलला सोडते. ऱ्हाइनच्या एका काठाला माइंत्स, समोर कास्टेल, मध्ये थिओडोर हॉइस पूल. १९४५ साली युद्धात तो उडवला गेला आणि १९५० मध्ये पुन्हा उभा राहिला. कास्टेलच्या बाजूला, या पुलाच्या पायथ्याच्या भिंतींवर ‘मीटिंग ऑफ स्टाइल्स’ हे संमेलन भरतं. मूळ मात्र जवळच्याच वीसबाडेन शहरातल्या जुन्या कत्तलखान्याच्या आवारातलं. तिथे १९९७ पासून ‘वॉल स्ट्रीट मीटिंग’ भरायची. २००२ मध्ये ‘मीटिंग ऑफ स्टाइल्स’ सुरू झालं आणि पुढे ते अनेक देशांत पोचलं.

परवानगीची भिंत ही या देशात केवढी मोठी गोष्ट आहे, हे कायदा वाचल्यावर कळतं. जर्मनीने २००५ मध्ये दंडसंहिता बदलली. त्याआधी भिंतीचं प्रत्यक्ष नुकसान झालं का, यावर वाद घालता यायचा. आता विनापरवाना भिंतीचं रूप ठळकपणे आणि टिकेल असं बदललं, तरी तो गुन्हा ठरतो. म्हणून इथे भरदिवसा, पाठीमागे लोक उभे असताना, घाई न करता रंगवायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. घाईत काढलेली रेघ ओळखू येते. ती शेवटाला थरथरते.

(दृश्य: भिंतीचा जवळून घेतलेला कोपरा.)

एका कडेला रंगाचा टवका निघाला होता. मी तो उचलून पाहिला. जाडी करंगळीच्या नखापेक्षा थोडी जास्त. कडेने पाहिलं तर थरच थर : निळा, चंदेरी, काळा, पुन्हा निळा, गुलाबी. यातल्या प्रत्येक थराखाली कुणाचं तरी नाव झाकलं गेलंय. टवका मी वहीत ठेवला.

आधी रोलरने पांढरा हात मारला. मग आली माझी खरी अडचण. शाळेत आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी देतो. पण सात-आठ फुटी अक्षराला वरची रेघ आधी लागते, नाहीतर सगळा शब्द तिरका जातो. दोरीला खडू माखला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. शेजारच्या भिंतीवर रंगवणारी बाई शिडीवरून उतरली, न बोलता टोक धरलं, दोरी ताणली, आणि मी मधोमध चिमटीत धरून सोडली. टप्प. भिंतीवर सरळ रेघ.

ती रेघेकडे बघत राहिली. तिची रोमन अक्षरं जमिनीवर पाय रोवून उभी राहतात, त्यांचा तोल खालून येतो. आपली अक्षरं वरून टांगलेली. म्हणून देवनागरीत वाइल्डस्टाइल करताना, म्हणजे अक्षरं एकमेकांत गुंतवताना, बाण आणि वळणं खाली मोकळी सुटतात. ‘ढ’चं पोट हवं तेवढं फिरवता येतं. ‘ओ’ची मात्रा रेघेच्या वर जाते. माझी मात्रा इतकी वर गेली की तिच्या भिंतीत शिरली. मी विचारलं, चालेल का? तिने आपल्या पार्श्वभूमीचा नारिंगी रंग त्या मात्रेभोवती ओढून घेतला.

(दृश्य: कॅन हलवणारा हात. आतल्या गोळीचा खडखडाट.)

फिल-इन, म्हणजे अक्षरांच्या आत रंग भरणं, दोन दिवस चाललं. सलग फवारलं की आतल्या द्रवाचा वायू होत जातो, कॅन हातात गार पडतो आणि दाब उतरतो. मग तो खाली ठेवायचा, दुसरा घ्यायचा. संध्याकाळी कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, म्हणजे कॅप तुंबत नाही. आउटलाइन सगळ्यात शेवटी. तेव्हा श्वास रोखायचा, मनगट घट्ट ठेवायचं आणि खांद्यापासून हात फिरवायचा. ‘ढ’ची गाठ मी एका दमात काढली. चार महिन्यांत वहीत ती एकदाही इतकी गोल आली नव्हती.

निघायच्या दिवशी उरलेले सहा कॅन तिला दिले. परत नेणार कसे? आमच्यात निघताना वह्यांची अदलाबदल होते, एकमेकांच्या वहीत काहीतरी काढून द्यायचं. तिने माझी वही मांडीवर घेतली आणि मार्कर उघडला. वाटलं, स्वतःचं नाव काढेल. तिने आधी पानभर एक आडवी रेघ मारली. मग भिंतीकडे एकदा पाहिलं आणि त्या रेघेला खाली, हळूहळू, एक ‘ढ’ टांगला.